रहस्य उलगडल्यावर काय पाहायचं?

एकही जुना नॉयर, म्हणजे गुन्ह्याचा आणि अंधाऱ्या गल्ल्यांचा कृष्णधवल रहस्यपट पाहिलेला नसेल तर सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाला गेल्या अंकात मी एकच नाव दिलं होतं: ‘द थर्ड मॅन’. साल १९४९, दिग्दर्शक कॅरोल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीन यांची. बऱ्याच जणांनी तो पाहून पत्रं पाठवली. कुणी भारावून गेलं, कुणी चिडलं, एका काकांना तो अजिबात आवडला नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर या एका चित्रपटाला दिलं आहे. पहिलं उत्तर न पाहिलेल्यांसाठी आहे. त्याच्या पुढे मी अगदी शेवटापर्यंतचं सगळं उघड करून बोलणार आहे. तेव्हा ज्यांचा पाहायचा राहिलाय त्यांनी पहिलं उत्तर वाचून अंक मिटावा आणि चित्रपट पाहूनच पुढे वाचावं.

ताई, येत्या रविवारी आम्ही चार मैत्रिणी मिळून बघणार आहोत. आधी काही वाचून ठेवायला हवं का? नाहीतर निम्मं डोक्यावरून जाईल अशी भीती वाटते. (सातारा)

कथेबद्दल काहीही वाचू नका. नटांची नावंसुद्धा शोधू नका. इतिहास मात्र थोडा हवा, कारण १९४९च्या प्रेक्षकाला जे रोजच्या वर्तमानपत्रातून माहीत होतं ते आपल्याला माहीत नसतं.

गोष्ट घडते युद्धानंतरच्या व्हिएन्नात. १९४५ ते १९५५ अशी दहा वर्षं ऑस्ट्रिया अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चौघांच्या ताब्यात होता. राजधानीचेही चार तुकडे पाडलेले. मधला जुना भाग तेवढा चौघांचा सामाईक, आणि त्याचा कारभार दर महिन्याला एकेकाकडे. गस्तीच्या जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई एकत्र बसायचे. तुमचे कागदपत्र कुठल्या देशाचे, यावर तुम्ही कोणत्या भागात राहू शकता आणि कोण तुम्हाला उचलून नेऊ शकतं हे ठरायचं. बाँबहल्ल्यांनी घरं पडलेली, दुकानं रिकामी, आणि बूट, घड्याळं, टायर, औषधं असं जे जे म्हणून लागतं ते काळ्या बाजारात. एवढं डोक्यात असलं की पुरे.

आणखी एक. चित्रपटाच्या दोन प्रती फिरतात. ब्रिटिश प्रतीत सुरुवातीचं निवेदन खुद्द कॅरोल रीड यांच्या आवाजात आहे; बोलणारा कोण हे कधीच सांगितलं जात नाही, पण काळ्या बाजारात मुरलेला कुणीतरी असावा असं वाटतं. अमेरिकेत दाखवताना सुमारे ११ मिनिटं कापली आणि निवेदन नायकाच्या तोंडी घातलं. पहिल्याच मिनिटाला नायक बोलायला लागला तर थांबा आणि दुसरी प्रत शोधा. रात्री बघा, दिवे मालवून. अंधाऱ्या गल्ल्या दिवसाउजेडी नीट दिसत नाहीत.

हॅरी लाइम जिवंत आहे हे तासाभरात कळतं. तिसरा माणूस कोण तेही त्याच क्षणी कळतं. मग उरलेला पाऊण तास कशासाठी? आमच्याकडे यावरून मोठा वाद झाला. मुलाचं म्हणणं, रहस्यपट म्हणून हा फसलाच. (नाशिक)

तुमच्या मुलाचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. कोडं खरंच अर्ध्यावर सुटतं. पण रीड आणि ग्रीन यांनी ते मुद्दाम तिथे सोडवलंय.

पाहिलेल्यांनाही क्रम आठवून देते. हॉली मार्टिन्स हा स्वस्तातल्या काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकी लेखक. जुना मित्र हॅरी नोकरी देतो म्हणाला म्हणून खिसा रिकामा असताना व्हिएन्नाला येतो, तर हॅरी मोटारीखाली सापडून मेलेला, आणि त्याची अंत्ययात्रा चाललेली. प्रेत उचलायला दोन माणसं होती असं हॅरीचे दोस्त सांगतात. इमारतीचा रखवालदार म्हणतो, तीन होती. तो तिसरा कोण, हे शोधत हॉली शहरभर फिरतो. या रखवालदाराचं एक बघितलंत का? हॅरी आता एकतर स्वर्गात असेल नाहीतर नरकात असं तो मोडक्या इंग्रजीत सांगतो आणि स्वर्ग म्हणताना बोट खाली दाखवतो, नरक म्हणताना वर. भाषा कच्ची म्हणून ती गल्लत झाली असं वाटून आपण पुढे जातो. त्या एका बोटात अख्खा चित्रपट आहे.

आता मुलाला हे विचारा. हॅरी गुन्हेगार आहे हे आपल्याला कधी कळतं? दारातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगानंतर नाही, आधी. ब्रिटिश लष्करी पोलिसांतला मेजर कॅलोवे हॉलीला कचेरीत बसवून पुरावे दाखवतो: फोटो, बोटांचे ठसे, पडद्यावरच्या स्लाइड. (मध्येच त्याचा मदतनीस सार्जंट पेन याच्या हातून गेंड्याची स्लाइड लागते, तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो.) हॅरी लष्करी दवाखान्यातून चोरलेलं पेनिसिलिन मिळवायचा, पातळ करून जास्तीचं करायचा आणि विकायचा. ते टोचलेली माणसं मेली, बाळंतिणी गेल्या, मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आलेली मुलं गेली. जी वाचली त्यांची डोकी कायमची गेली. हे सगळं कॅलोवे स्पष्ट शब्दांत सांगतो. हॉलीला पटतं. आपल्यालाही पटतं.

त्याच रात्री रस्त्यावर एक मांजर कुणाच्या तरी बुटांशी अंग घासतं. समोरच्या खिडकीत दिवा लागतो, उजेड थेट दारात पडतो आणि हॅरी झालेल्या ऑर्सन वेल्स यांचा तो चेहरा दिसतो, अर्धवट हसणारा, खोडी काढताना सापडलेल्या मुलासारखा. आणि आपण खूश होतो. मेलेल्या मुलांबद्दल नुकतंच ऐकलेलं असताना त्यांना मारणारा माणूस जिवंत दिसला म्हणून आपल्या चेहऱ्यावर हसू येतं. फिल्म सोसायटीच्या खेळांना मी हा प्रसंग सुरू असताना प्रेक्षकांकडे बघत आले आहे. त्या क्षणी सगळ्या खुर्च्यांमधून समाधानाची एक लाट जाते. दर वेळी.

पुढचा पाऊण तास त्या हसण्याचा जाब विचारण्यासाठी आहे. हॉलीला सगळं माहीत आहे, तरी तो काही करत नाही. मग हॅरीला पकडून देण्याच्या बदल्यात हॅरीची प्रेयसी ॲना हिची रशियनांच्या तावडीतून सुटका मागतो, म्हणजे सौदा करतो. ॲना तो सौदा धुडकावते, तेव्हा माघार घेऊन विमानतळाकडे निघतो. माहिती मिळाली, पुरावा मिळाला, तरी माणूस जागचा हलत नाही. तो कशाने हलतो, हे या चित्रपटाचं दुसरं रहस्य, आणि माझ्या लेखी मोठं रहस्य. पुढच्या पत्राच्या उत्तरात ते येईलच.

माझे वडील पिंपरीच्या एचए कंपनीत, म्हणजे पेनिसिलिनच्या कारखान्यात होते. आम्ही लहानाचे मोठे कॉलनीतच झालो. चित्रपटात पेनिसिलिनचं नाव आलं आणि मला पुढचं बघवेना. मोबाइल, बंदुका, ड्रग्ज यांच्या तस्करीचे किती चित्रपट पाहिले, पण इतकं कधी लागलं नव्हतं. मुलांच्या दवाखान्यातला तो प्रसंग दोनदा थांबवून पाहिला. त्यात मुलं दाखवलीच नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. हे असं का? (निगडी)

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माती म्हणून काढली. त्यामुळे हे उत्तर चित्रपटाबाहेर जाऊन लिहिते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीभोवती जंतू मरताना दिसले. त्याचं औषध व्हायला पुढे एक तप जावं लागलं. ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना १९४५चं नोबेल मिळालं. युद्धात ते सैन्याला पुरत होतं तेवढंच. युद्ध संपल्यावरही व्हिएन्नासारख्या शहरात ते लष्करी दवाखान्यांबाहेर अधिकृतपणे मिळत नव्हतं. आपल्याकडे तर ते बाहेरूनच यायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ पासून पेनिसिलिन इथे तयार होऊ लागलं. म्हणजे हॅरी लाइम पडद्यावर आला तेव्हा तुमच्या वडिलांच्या कारखान्याची वीटसुद्धा रचली गेली नव्हती. टंचाईत त्या बाटलीची किंमत काय असते, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. तुम्हालाही लागलं नाही, कारण ती बाटली भरणारी माणसं तुम्ही जेवणाचा डबा घेऊन घरातून निघताना पाहिली आहेत.

आता भेसळीबद्दल. पेनिसिलिनची वायल म्हणजे रबरी बुचाची लहान बाटली, तळाशी पांढरी भुकटी. डिस्टिल वॉटर घालून हलवायचं की स्वच्छ द्रव तयार. त्यात औषध पुरेसं आहे की निम्मंच, हे डोळ्यांना दिसत नाही. वास नाही, रंग नाही. नर्स नियमाने टोचते, डॉक्टर वेळेवर डोस लिहितात, आई मुलाच्या उशाशी बसून असते, आणि कुणाचंही काही चुकलेलं नसताना मूल हातचं जातं. मेनिंजायटिसमध्ये वेळ फार थोडा असतो. रक्तात औषध पुरेशा प्रमाणात गेलं नाही तर जंतू मरत नाहीत, मेंदूभोवतीची सूज वाढते, आणि वाचलंच तर मूल बहिरं होऊ शकतं, बुद्धी अधू होऊ शकते. म्हणूनच भांडारात प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर रजिस्टरवर चढवायचा असतो. आमच्या नव्या मुलींना त्या कामाचा कंटाळा यायचा. मी त्यांना सांगायचे, हा आकडा लिहिला नाहीस तर चुकीची बाटली कुठून आली हे जगात कुणालाही शोधता येणार नाही.

म्हणजे हा न दिसणारा गुन्हा आहे. मारेकरी खोलीत नसतो, हत्यार औषधासारखं दिसतं, आणि ज्याला मारायचं त्याचं नावही मारणाऱ्याला माहीत नसतं.

रीड यांना हे पुरतं कळलं होतं असं मला त्या दवाखान्याच्या प्रसंगावरून वाटतं. विमानतळाच्या वाटेवर कॅलोवे हॉलीला तिथे नेतो. खाटा आहेत, चादरी आहेत, कागद आहेत, नर्स ये-जा करतात. कॅमेरा खाटेकडे वळतो तेव्हा कठड्याच्या आड थांबतो. आपण बघतो हॉलीचा चेहरा. आणि मग एक नर्स कापसाचं अस्वल उचलते आणि खोक्यात उलटं टाकते. त्या मुलाला ते आता लागणार नाही. एवढंच. एक मूल दाखवलं असतं तर आपण त्या एका मुलासाठी रडून मोकळे झालो असतो. न दाखवल्यामुळे प्रत्येकाला आपापल्या माहितीतलं मूल त्या खाटेवर ठेवावं लागतं. तुम्ही तेच केलंत आणि म्हणून दोनदा थांबलात. हॉलीही तिथेच हलतो. पुराव्यांनी झालं नाही ते त्या अस्वलाने होतं.

वडिलांना दाखवता आला तर हा चित्रपट जरूर दाखवा. ते काय म्हणतात ते मला कळवा.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. चित्रपट संपल्यावर म्हणाली, मला हॅरीच सगळ्यात आवडला. मला धक्का बसला. तिला काय सांगू? (लातूर)

आधी हे सांगा की तिला जे वाटलं तेच वाटावं म्हणून फार मोठ्या माणसांनी फार मेहनत घेतली आहे. वेल्स पडद्यावर असतात फार थोडा वेळ, पण पहिला तासभर प्रत्येक पात्र हॅरीबद्दलच बोलतं. मांजरसुद्धा फक्त त्यालाच जवळ करायचं असं ॲना सांगते. तो येण्याआधीच आपण त्याची वाट बघायला लागतो.

मग तिच्याबरोबर बसून प्राटर या व्हिएन्नातल्या बागेतल्या आकाशपाळण्याचा प्रसंग पुन्हा बघा. हा पाळणा १८९७चा. युद्धात १९४४ साली जळला, आणि पुन्हा उभा केला तेव्हा तीसपैकी पंधराच डबे लावले, म्हणून तो चित्रपटात इतका विरळ दिसतो. हॅरी वरून खाली चालणाऱ्या माणसांकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, त्या ठिपक्यांपैकी एखादा हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का? प्रत्येक ठिपक्यामागे २० हजार पौंड मिळाले तर? तेही प्राप्तिकर न लागता. हे तो चिडून बोलत नाही. पोटात जळजळतंय म्हणून गोळी चघळत, मित्राची चेष्टा करत बोलतो.

मुलीला डब्याच्या दाराकडे बघायला सांगा. हॅरी ते सरकवून उघडतो. आपल्याबद्दल पुरावा असलेला एकच माणूस उरलाय, आणि वरून पडलेल्या माणसाच्या अंगावरची गोळीची खूण कोण शोधणार, असं तो बोलता बोलता सुचवतो. लहानपणापासूनचा मित्रही त्या क्षणी त्याच्यासाठी एक ठिपका झालेला असतो. हॉली थडगं उकरल्याचं सांगतो. हॅरीच्या जागी पुरलेला माणूस म्हणजे दवाखान्यातून औषध चोरून देणारा हार्बिन होता, हे पोलिसांना आता माहीत आहे. हे ऐकताच हॅरीचा सूर बदलतो आणि मैत्री परत येते.

खाली उतरल्यावरचं त्याचं बोलणं तिला पाठ असेल, ते सगळ्यांनाच होतं. बोर्जिया या सत्ताधारी घराण्याच्या तीस वर्षांत इटलीत रक्तपात झाला, पण मायकेलअँजेलो आणि लिओनार्दो निपजले. स्वित्झर्लंडच्या पाचशे वर्षांच्या शांततेतून काय आलं, तर कोकिळेचं घड्याळ. हे शब्द ग्रीन यांचे नाहीत, वेल्स यांनी स्वतः घातले. ऐकायला इतके सफाईदार आहेत की खरे आहेत का हे विचारायचं राहून जातं. ते खरे नाहीत. ती घड्याळं जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची. स्विस लोकांनी हे आपल्याला नंतर ऐकवलं असं वेल्सच सांगायचे. आणि बोर्जियांच्या काळात स्विस सैनिक शांतपणे घरी बसलेले नव्हते, युरोपभर भाडोत्री लढाया लढत होते. मुलीला हे तपासू द्या. छान बोलणाऱ्या माणसाचं वाक्य तपासायची सवय पंधराव्या वर्षी लागली तर फार चांगलं. हॅरी तिला त्यानंतरही आवडत राहिला तर राहू द्या. ॲनालाही तो आवडतच राहतो.

मी सिनेमॅटोग्राफी शिकतोय. आमच्या वर्गात यातल्या तिरक्या फ्रेम्सवर खूप बोललं गेलं. मला मात्र पहिल्यांदा बघताना त्या जास्त झाल्या असं वाटलं. असं वाटणं चूक आहे का? (कोल्हापूर)

चूक मुळीच नाही. तेव्हाही काहींना तसंच वाटलं होतं. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी हा चित्रपट पाहून रीड यांना गवंडी वापरतात ती पाणलेव्हल भेट पाठवली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेवा म्हणून. छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांना मात्र याच कामासाठी कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं.

तू पुन्हा बघशील तेव्हा कॅमेरा केव्हा तिरका होतो यापेक्षा केव्हा सरळ राहतो याची नोंद ठेव. जिने, चौकशा, खोटं बोलणारे चेहरे तिरके आहेत. पहिल्यांदा आलेल्या परक्या माणसाला हे शहर असंच दिसणार. त्याच्या पायाखाली जमीन सपाट नाही. आणि शेवटचा लांब शॉट अगदी सरळ, मधोमध. तोवरचं तिरकेपण नसतं तर त्या सरळ रेषेचा इतका ताण जाणवला नसता.

ओल्या रस्त्यांचंही बघ. रात्रीच्या चित्रीकरणाआधी दगडी रस्ते पाणी मारून भिजवत असत, म्हणजे लांबवरून सोडलेला उजेड प्रत्येक दगडावर चमकतो. कोरड्या दगडाने तो गिळला असता. शेवटी हॅरी पळतो तो गटारातला पाठलाग थोडा व्हिएन्नातल्या खऱ्या गटारांत आणि बराचसा लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत, कारण वेल्स यांना त्या घाणीत काम करायचं नव्हतं. भिंतीवरून पळणारी हॅरीची मोठी सावली काही वेळा वेल्स यांची नाहीच, जाड कोट घातलेले साहाय्यक दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांची आहे. जाळीतून वर येणारी बोटं खुद्द रीड यांची. तुझ्यासारख्या शिकणाऱ्याने हे मनात ठेवावं: नट हजर नसतानाही त्याची हजेरी तयार करता येते. या चित्रपटात तर ते पहिल्या दृश्यापासून चाललंय.

ते तुणतुण वाजणारं संगीत! अंत्ययात्रा असो की पाठलाग, एकच चाल. डोकं दुखलं. एवढ्या गंभीर गोष्टीला असलं संगीत का? मी पूर्ण पाहिला तो केवळ तुम्ही सांगितलंत म्हणून. (रत्नागिरी)

काका, पूर्ण पाहिलात याबद्दल मनापासून आभार. ते वाद्य झिथर, आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं. वाजवणारे अँटन कारास व्हिएन्नातल्या दारूच्या गुत्त्यांत वाजवून पोट भरायचे. चित्रीकरणासाठी आलेल्या रीड यांनी त्यांना ऐकलं, लंडनला नेलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि अख्ख्या चित्रपटाचं संगीत त्या एका वाद्यावर करून घेतलं. नावं पडद्यावर येतात तेव्हा मागे थरथरतात त्या झिथरच्याच तारा. व्हिएन्ना म्हटलं की लोकांना वाल्ट्झ नाचाचं संगीत आठवणार हे उघड होतं, आणि रीड यांना तेच टाळायचं होतं. १९५० मध्ये ती चाल अमेरिकेत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

तुमची तक्रार मी उडवून लावत नाही. या संगीताला दुःख होत नाही हे तुम्ही अचूक पकडलंत. व्हायोलिनचा ताफा असता तर त्याने आपल्या वतीने रडून घेतलं असतं. ही चाल कुणाच्याही मरणाने बदलत नाही. ती हॅरीची चाल आहे असं धरून पुन्हा एकदा ऐकून बघाल का? फार नाही, दारातला प्रसंग तेवढा. तरीही डोकं दुखलं तर मी पुन्हा आग्रह करणार नाही.

जर्मन बोलण्याला सबटायटल नव्हतं. माझ्या प्रतीत काही बिघाड होता का? (पणजी)

नाही. ते मुद्दाम तसंच ठेवलंय. हॉलीला जर्मन येत नाही, म्हणून आपल्यालाही कळू द्यायचं नाही. चेंडू घेऊन फिरणारा तो छोटा हान्सल सगळ्यांसमोर हॉलीवर खुनाचा आरोप करतो आणि गर्दी वळून बघायला लागते, तेव्हा शब्द न कळण्यातच खरी भीती आहे. घरमालकीण गोधडी अंगावर ओढून ओरडत असते तिचंही तसंच. चेहरे बघत राहा, पुरतं.

शेवट मला छळतोय. हॉलीने एवढं केलं, विमान सोडलं, तिच्यासाठी थांबला, आणि ॲना त्याच्याकडे वळूनही बघत नाही. इतका कोरडेपणा? तिला त्या मुलांचं काहीच वाटलं नाही? (अमरावती)

ग्रीन यांनाही सुरुवातीला हा शेवट नको होता. त्यांच्या मूळ कथेत दोघं बरोबर चालत जातात. इतक्या हलक्या जिवाच्या करमणुकीला असा कडवट शेवट पेलणार नाही, असं त्यांचं मत होतं. रीड यांना वाटे, ज्याच्या प्रेताला माती दिली त्याच्या थडग्यावरून निघून त्याची प्रेयसी त्याला गोळी घालणाऱ्या हॉलीचा हात धरून जाते, हे प्रेक्षकाला किळसवाणं वाटेल. पुढे कथा पुस्तकरूपात आली तेव्हा प्रस्तावनेत ग्रीन यांनी रीडच बरोबर ठरले असं मोकळेपणाने मान्य केलं.

ॲनाला मुलांचं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. तिला सगळं कळलंय आणि ती हॅरीचं समर्थन एका शब्दानेही करत नाही. ती फक्त म्हणते, एखाद्याबद्दल आणखी काही कळलं म्हणून तो माणूस बदलत नाही. स्टेशनवर सुरक्षित देशात नेणारी गाडी समोर उभी असताना आपली सुटका कशाच्या बदल्यात झाली हे तिला समजतं, आणि ती गाडी सोडून देते. खोट्या पासपोर्टवर जगणाऱ्या, रशियनांच्या हाती सापडण्याची भीती असलेल्या बाईने हे करणं म्हणजे काय, याचा विचार करा. अख्ख्या शहरात प्रत्येक गोष्टीला भाव आहे. आपल्या प्रेमाला भाव लागू द्यायचा नाही एवढं एकच तिच्या हातात उरलंय.

हॉलीने हॅरीला अडवलं ते योग्यच केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझ्या नोकरीत मी त्या बाजूला उभी होते. पण योग्य वागल्याबद्दल त्याला ॲना मिळायला हवी होती, असं मी म्हणणार नाही.

आता तो शॉट बघा. दोन्ही बाजूंना उघडी झाडं, मध्ये सरळ रस्ता, पानं गळताहेत, हॉली कडेला टेकून उभा. ॲना अगदी लांब, एवढीशी. पाळण्यातून हॅरीला दिसले तेवढाच एक ठिपका. रीड कॅमेरा हलवत नाहीत, कापत नाहीत. मिनिटभराहून जास्त वेळ आपल्याला थांबावं लागतं आणि त्या वेळात तो ठिपका चालत चालत बाई होतो: कोट, टोपी, मग चेहरा. ती आपल्या शेजारून निघून जाते. हॉली सिगारेट पेटवतो. हॅरीच्या त्या प्रश्नाला चित्रपटाने दिलेलं उत्तर मला इथे दिसतं, आणि ते देताना कुणीही एक शब्द बोलत नाही.

मुलगा म्युनिकला असतो. मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत, व्हिएन्नाही करायचं आहे. चित्रपटातलं काही अजून बघायला मिळेल का? (ठाणे)

बरंच. प्राटरचा पाळणा सुरू आहे, डबे अजूनही पंधराच. हॅरीच्या घराचं दार योझेफ्सप्लाट्झ चौकात, पालाविचिनी राजवाड्याचं. बाहेरून निवांत बघता येतं. गटारांची मार्गदर्शकासह फेरी कार्ल्सप्लाट्झजवळून निघते, ती थंडीत बंद असते पण मेमध्ये मिळायला हवी; जाण्याआधी वेळ बघून घ्या आणि पायात बंद बूट घाला. रिंग रस्त्यावरच्या बुर्ग किनो या जुन्या थिएटरात हा चित्रपट वर्षानुवर्षं नियमित दाखवला जातो. निघण्याआधी घरी बघितलात तरी तिथे पुन्हा तिकीट काढा. शेवटच्या शॉटमधल्या दफनभूमीला (झेंट्रालफ्रीडहोफ) ७१ नंबरची ट्राम जाते. तिथेच बीथोव्हन, शूबर्ट आणि ब्राम्स यांचीही थडगी आहेत आणि परिसर खूप मोठा आहे, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा.